आबांच्या काट्यातला पासंग

आबा मापाडी बोलताना दोन्ही हात पुढं धरायचे, तळवे आभाळाकडे, तराजूच्या पारड्यांसारखे. काही विचारलं की एक तळवा खाली, एक वर, आणि मग उत्तर. चहा की सरबत, जीप की यष्टी, काहीही असो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो तोलण्यात उभा जन्म गेला होता; घरी बसल्यावरही हात थांबायला तयार नव्हते. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं विचारलं, जिलेबी का बुंदी? आबांचा काटा स्थिर होईपर्यंत तो अख्खी पंगत वाढून परत आला.

तोलायच्या आधी ते रिकामे तळवे निरखायचे. "आधी पासंग बघावा, गुरुजी," म्हणायचे. तराजू रिकामा असतानाच एक बाजू झुकलेली असते, तो पासंग. "लोक मालाला नावं ठेवत्यात, काटा कुनी बघत न्हाई."

नव्वदच्या दशकात मी त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचो. शाळा निरगुडसरला, जाऊन-येऊन जीपनं. मी मुळातच कमी बोलणारा. आबांना असाच शेजारी हवा होता.

त्यांच्या अंगणात मोरीजवळ एकच मोकळी जागा होती. तिथं आळं खणून ठेवलेलं, रिकामं. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारायचे, "जास्वंद का लिंबू?" पोस्टमनला विचारलं, वीजमीटर बघायला आलेल्याला विचारलं. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यानं दोन्ही लावू म्हणून आश्वासन दिलं, तेव्हा आबांनी त्याला जागा मोजून दाखवली आणि मत कुणाला द्यायचं नाही तेही ठरवून टाकलं.

स्वतः ते दोन्ही बाजू मांडायचे. डावा तळवा जास्वंदीचा. फांदी खोचली की जगते, पहिल्याच वर्षी फुलते, मोरीचं पाणी कितीही पिते. पण सकाळी फुललेलं सांजेला मिटतं, गणपतीला वाहिलं की काम संपलं, आणि पांढरे किडे असे की झाडावर कुणी पीठ सांडलंय असं वाटावं. उजवा तळवा लिंबाचा. काटे लई, पाणी मुळाशी साचलं की पिवळं पडतं, तीन-चार वर्षं तोंडाकडं बघत बसायचं. पण एकदा धरलं की सरबत, लोणचं, दारावर टांगायला, आजाऱ्याला हुंगायला. उजवा हात नेहमीच थोडा खाली जायचा. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आबा लिंबाचे.

माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. हसतमुख, बोलघेवडी ती जास्वंदी. उशिरा फळणारी, काटेरी पण कामाची ती लिंबाची. "तुमी लिंबू, गुरुजी," मला म्हणायचे. मी खूश व्हायचो.

आळं रिकामं का, ते मला उशिरा कळलं. बायको लवकर गेली, तेव्हा मुलगी सुमन नऊ वर्षांची. आबांनीच तिच्या वेण्या घातल्या, दोन्ही बाजूंचे केस अगदी समसमान तोलून. ती निरगुडसरला दिली. एका माहेरपणात तिनं त्या जागी जास्वंदीची फांदी लावली. ती गेल्यावर आबांनी अंगण साफ करताना गवताबरोबर फांदीही खुरप्यानं काढली. मुद्दाम नाही, नजरचुकीनं. पण पुढच्या खेपेला सुमननं पाहिलं, "ह्या घरात माझं एक झाडसुद्धा ठेवलं न्हाई" म्हणाली, आणि आल्या पावली परत गेली. जावई टोमॅटो घेऊन बाजारात यायचे, चहा पिऊन जायचे; तिचा विषय दोघंही काढायचे नाहीत. ती मात्र दोन वर्षं आली नव्हती.

एका संध्याकाळी आबा माझ्या दाराशी आले. मी रोज निरगुडसरला जातोच, तर सुमनला एवढं विचारावं: जास्वंद का लिंबू?

आता खरं सांगतो. शाळेपासून तिचं घर दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. परक्या घरी जाऊन लेकीबाळीला झाडाचं काय विचारायचं, लोक हसतील, असं वाटायचं. आज नको, उद्या जाऊ. आबा रोज जीपच्या आवाजाला बाहेर यायचे, विचारायचे नाहीत, नुसते बघायचे. पंधरा दिवसांनी मला ते बघणं सोसेना. म्हातारा खूश होईल ते बोलून मोकळा झालो. "लिंबू म्हणाली."

आबांचे हात खालीच होते. "बरं," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिंबाचं रोप आणलं. मोरीचं पाणी मुळाशी साचू नये म्हणून चर खणून ते पलीकडे वळवलं, आळ्याला बांध घातला. पानं खाणाऱ्या अळ्या चष्मा लावून एकेक वेचल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारणं मात्र बंद झालं. पुढच्या जूनमध्ये माझी बदली मढला झाली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

चार वर्षांनी बाजाराला आलो तेव्हा आबांनी बोलावलं. झाड धरलं होतं. त्यांनी पिशवीत लिंबं भरून माझ्या हातात दिली. "पयली फळं सुमीची, तिला पोचवा. तीच लिंबू म्हनली व्हती." मग म्हणाले, "जास्वंद म्हनली असती, तर त्याच दिवशी न्यायला गेलो असतो. लिंबू म्हनली. म्हंजी तिचं म्हननं, तुमचं घर, तुमचंच झाड, माजं काय न्हाई. मला समजलं, गुरुजी."

ती पिशवी मी कशी उचलली, माझं मला माहीत. त्याच पावली निरगुडसर गाठलं. सुमननं लिंबं पाहिली, निरोप ऐकला. "मी कवा म्हनले लिंबू?" मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती परसात गेली, जास्वंदीची हातभर फांदी तोडली, ओल्या गोणपाटात गुंडाळली. "आबांना द्या. आन् ह्या खेपेला नक्की द्या."

आबा खुर्चीवर बसले होते. मी फांदी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खरं काय ते बोललो. त्यांनी रिकामे तळवे पुढं धरले. ते निरखले.

"तुमी खोटं बोलला, ते तुमच्यापाशी," म्हणाले. "पर मला खरं वाटलं कसं? माज्या पोरीनं जल्मात लिंबू म्हनलं नसतं. पासंग माज्या काट्यात व्हता."

रात्री मी जुन्या घरमालकाकडेच राहिलो. सकाळी बाहेर आलो तर आबांची खुर्ची भिंतीला उलटी टेकवलेली. रोज ते जिथं बसायचे, तिथलीच फरशी काढून त्यांनी फांदी लावली होती. हात कोपरापर्यंत मातीत.

"जागा चालंल का, तिला इचाराया पायजे," म्हणाले.

मी म्हणालो, मी जाऊन विचारतो.

"तुमी नका," आबा म्हणाले. "मीच जातो."

त्यांना सोडायला फाट्यावर गेलो. जीपनं जाणार का यष्टीनं, असं विचारणारच होतो, तेवढ्यात समोर जीप थांबली. आबांनी दोन्ही हात पुढं केले आणि आत चढायला दांडा धरला.