नव्या सर्व्हरचं मानपान

"बाई, एका दिवशी हाफिसातून दोघांले सुटी नाई भेटत. नियम हाय," असं म्हणून वैजनाथसाहेबांनी शारदाबाईंचा रजेचा अर्ज स्क्रीनवर नुसता पाहिला आणि तसाच सोडून दिला.

"दुसरं कोन जाऊन राह्यलं, साहेब?"

"मी. धाड गावाले माह्या साळ्याची वास्तुशांती हाय."

जळगाव जामोदच्या त्या शिक्षणसंस्थेत शारदाबाई पगारबिलं करत आणि वैजनाथसाहेब त्यांचे वरिष्ठ. बाईंनी सोळा सोमवार कडक पाळले होते. येता सोमवार सतरावा, उद्यापनाचा. तो पुढे ढकलता येत नाही. ढकलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाई भांडल्या नाहीत. वरच्या आवाजात बोलणं त्यांना येतच नव्हतं. पण आतून अशा पेटल्या की पाणी प्यायल्या तरी धुमसत राहिल्या. मेहुणा नसला तर वास्तू काय अशांत राहते?

त्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, बुलढाण्याहून संगणकाचं काम पाहणारा अश्वजित आला. जुन्या युनिक्स सर्व्हरवरचं, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य संगणकावरचं, सगळं उचलून नव्या मशीनवर न्यायचं होतं. जुनं मशीन इतकं जुनं, की त्याच्या जाळीत कैक दसऱ्यांच्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. वापरणाऱ्यांची नावं पडद्यावर आली आणि साहेबांचा चेहरा उतरला. पहिल्या शारदाबाई, मग उकंडराव शिपाई, आणि त्याच्याखाली साहेब! मशीन आलं त्या दिवशी बाईंनी त्याची पूजा केली, उकंडरावांनी आरतीचं ताट धरलं, म्हणून त्यांची नावं आधी चढली. साहेब तेव्हा या कार्यालयात आलेच नव्हते.

"हे काय बे? शिपायाच्या खाली मी?"

"साहेब, मशीनले मान नाई समजत. ते नाव पाह्यत नाई, नंबर पाह्यते. फायली, हक्क, सगळं नंबरावर. घर बदललं तरी खोलीचे नंबर तेच ठेवा लागतात, नाई तं तुमची गादी दुसऱ्याच्या खोलीत जाईन."

"लग्नपत्रिकेत काकाचं नाव पुतन्याच्या खाली छापतं का तू? मानानं टाक. पयला मी, मंग बाई, मंग उकंडराव."

अश्वजितने पुष्कळ हुज्जत घातली. शेवटी बसची वेळ झाली आणि त्याचंही डोकं तापलं. "टाकतो. मंग मले नका बोलू," म्हणत त्याने नावं मानाने चढवली, जुन्या फायली जुन्या नंबरांवर ओतल्या आणि तो निघून गेला.

शनिवारी सकाळी साहेबांनी मशीन उघडलं, तर समोर अर्धवट पगारबिलांचा डोंगर. शारदाबाईंच्या पुढ्यात घंटेच्या वेळा आणि पाण्याच्या टँकरच्या नोंदी. उकंडराव चष्मा पुसत उठले.

"साहेब, हे मले मंजूर का नामंजूर इचारून राह्यलं."

"हात नको लावू!"

"लावला ना. बाईचा अर्ज होता. देवाचं काम, मंजूर करून टाकलं. आता तुमचा आला."

"मंग माहा बी दाब!"

"कसा दाबू, साहेब? एका दिवशी दोघांले सुटी नाई भेटत."

सगळं कार्यालय एकाएकी कामात गढून गेलं. साहेबांनी तणतणत अश्वजितला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सोमवारी येतो. पन जबाबदार मानूस समोर बसला पायजे."

साहेबांनी फोन ठेवला, तर शारदाबाई कोरा कागद घेऊन समोर उभ्या.

"साहेब, चुकून भेटलेली रजा मले चालत नाई. महादेवाले काय सांगू, मशीन चुकली म्हनून आली? याच्यावर तुमची सही पायजे."

"अन् नाई केली तं?"

"तं येते ना सोमवारी. पन सोमवारी पूजा होईस्तोर माहं मौन असते. बिलं तुमच्या नावात जाऊन बसली. ते कसे करायचे, हे मले इचारू नका."

साहेबांनी बिलांच्या डोंगराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच त्यांना जास्त लागलं. पेन कागदात रुतेल इतक्या जोराने त्यांनी सही केली.

सोमवारी धाडहून बायकोचे फोनवर फोन येत होते आणि साहेब अश्वजितसमोर जबाबदार माणूस होऊन बसले होते.

"साहेब, क्रम कसा ठेवू? मानानं?"

"व्हता तसाच ठेव बे!"

दुपारी उकंडराव बाईंच्या घरून चुरम्याचा डबा घेऊन आले. नव्या मशीनसमोर बेलाचं पान ठेवलं, चिमूटभर चुरमा ठेवला. पाहुणा म्हणून अश्वजितच्या हातावर दिला. मग खुर्चीवर बसून स्वतः सावकाश खायला लागले. तुपाचा वास खोलीभर पसरला. साहेबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"उकंडराव, मी दिसत नाई का तुले?"

"दिसता ना, साहेब." उकंडरावांनी शांतपणे घास गिळला. "बाईचं घरी झालं, आता माहं चालू हाय. मंग तुमचाच नंबर."