अक्रोडाचा पापुद्रा आणि दादामिस्त्रीची पारख

या, जरा जवळ सरका, पाय मोकळे करा. एका भल्या सुताराची गोष्ट सांगतो. पोटभर हसा, त्याचा राग नाही, तोही हसतोच.

लोक त्याला दादामिस्त्री म्हणत. अख्ख्या गल्लीची दारं-टेबलं त्यानं सजवली, पण घरात बायकोच्या कपाटाचं दार अकरा वर्षं उघडंबोडकं. त्यावरचा व्हीनियर, म्हणजे लाकडाचा तो कागदासारखा पातळ पापुद्रा, ओल लागून कधीच सुटला होता. त्या सकाळी बायकोनं शांतपणे बजावलं, की आज संध्याकाळपर्यंत दार झालं नाही तर ती दुसरा सुतार बोलावणार. सुताराच्या घरात दुसरा सुतार! मिस्त्री तडक माळ्याकडे निघाला.

त्यानं माळ्यावरून अक्रोडाचा पापुद्रा काढला. एकुलता एक, जिवापाड जपलेला, दाराहून चांगला वीतभर मोठा. खिडकीच्या उजेडात धरला, तर आत नदीच वाहत होती. भोवरे, वळणं, मध्येच एक बेट. देवानं झाडाच्या पोटात काय काय लिहून ठेवलंय, असं म्हणत मिस्त्री त्या काठावर तासभर बसून राहिला.

असल्या लाकडाला हत्यार पारखूनच लावायला हवं. पायाशी प्लायवूडचे तुकडे ढीगभर पडले होते, पण त्यांत नदी कुठली? म्हणून पारख त्या पापुद्र्याच्याच कडेवर.

आधी सुरी. ती आखलेली रेघ सोडून लाकडाच्या रेषांमागे निघाली, गाणाऱ्याच्या मागे वाट चुकलेल्या माणसासारखी. कड बिघडली. मिस्त्रीनं चार बोटं आत नवी रेघ मारली. मग कात्री; कड वाळल्या पानासारखी तडकली. आणखी चार बोटं. पटाशीनं तर कोपराच उडवला.

शेवटी बारीक दात्यांची छोटी करवत. रेघेवर कागदी पट्टी चिकटवली, लोखंडी पट्टी दाबून धरली आणि हलक्या हातानं ओढली. झोपलेल्या बाळाच्या श्वासाइतका आवाज. काप असा, की बोटाला कड कळू नये. मिस्त्रीचे डोळे भरून आले. तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटला. म्हणून अजून एक काप. मग अजून एक. दुपार कधी वाहून गेली, त्याला कळलंच नाही.

"हत्यार सापडलं गं!" त्यानं हाक मारली.

बायको आली. उरलेला तुकडा तिनं दारावर धरून पाहिला. कुलपाचं भोक झाकलं, वर दोन बोटं उरली. तिनं कडेवरून सावकाश बोट फिरवलं.

"काप सुरेख आलाय हो," ती म्हणाली. "आता त्या दुसऱ्या सुताराला बोलावते. करवत त्याला द्या, आणि तुम्ही तेवढं बाहेर बसा."

दुसरा सुतार आला. स्वतःचा नवाकोरा पापुद्रा घेऊन आला. मिस्त्रीनं करवत हातात देत एवढंच म्हटलं, की एकदा आवाज तरी ऐका.

त्यानं आपल्याच पापुद्र्याच्या कडेवर एक काप घेतला आणि ऐकला. मग शेजारी बसकण मारून म्हणाला, "दादा, अजून एकदा."

तेव्हा मंडळी, रात्री हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा. दार अजून उघडंबोडकंच आहे, आणि आता तिला चहा दोघांचा करावा लागतो.