उणे अठरातला क्रोनोग्राफ

"थंडीचं मला कुणी शिकवायचं नाही," असं प्रल्हाद तेंडोलकरने घरात आठवडाभर जाहीर केलं होतं. एका अर्थी ते खरंही होतं. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं कोल्ड स्टोअर. बावीस वर्षं तो उणे अठरात मटार, बांगडे आणि बायकोने, म्हणजे उर्मिलाने, वळलेले मोदक सांभाळत आला होता. गाव उन्हात वितळत असताना हा गडी कानटोपी घालून घरी यायचा!

आता त्या थंडीची गरज होती त्याच्या मुलीला. मिहिका एकोणीस वर्षांची, मराठी समजणारी आणि उत्तर अर्धंअधिक इंग्रजीत देणारी. तिरंदाज. शुक्रवारी ती बर्फातल्या एका स्पर्धेला निघणार होती. नियम असा, की आधी प्रत्येकीचा बाण क्रोनोग्राफवरून, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावरून सोडायचा. सेकंदाला तीनशे फुटांच्या वर गेला की बाद. गेल्या जानेवारीत जबल जैस डोंगरावरच्या थंडीत तिच्या यंत्राने २९६ दाखवलं, पंचांच्या यंत्राने ३०४. पोरगी एकही बाण न मारता घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही. तिचं यंत्र थंडीत खोटं बोलत होतं. त्याला खरं बोलायला लावायचं, तर शुक्रवारच्या आत.

"आय जस्ट नीड युअर फ्रीझर, पप्पा. वन अवर."

तिने फ्रीझर मागितला होता. बापाला मागितलं नव्हतं. पण मुलं लहान असताना धंद्यापायी घरी न सापडलेले बाप पुढे असेच वागतात. पोरीने सुई मागितली तर हे शिंप्याचं दुकान घेऊन हजर होतात.

बुधवारी सकाळी फ्रीझरच्या एका टोकाला फोमचा ठोकळा उभा राहिला, मध्ये तिवईवर यंत्र. फोर्कलिफ्टवाला हमदुल्ला दाराशी पहाऱ्याला. मिहिकाने बाण सोडला. यंत्राचा पडदा कोरा.

"बॅटरी थंडीने झोपली," मिहिका म्हणाली. "स्पेअर कुठेयत? तुम्हाला तीन सेट दिले होते."

"एकदम सेफ," प्रल्हाद म्हणाला, आणि मोदकांच्या खोक्यामागून त्याने तिन्ही पाकिटं काढली. त्यांच्यावर हिमाचा पांढरा थर!

मिहिका बघतच राहिली. "यू फ्रोझ देम?"

"काल दुपारीच ठेवले. थंडीत ठेवलं की माल टिकतो."

"पप्पा, दे आर बॅटरीज. नॉट भेंडी."

आता बावीस वर्षांत ज्याचा प्रत्येक माल थंडीनेच वाचला, त्याला हे कुणी सांगायचं? पण चूक कबूल करेल तो तेंडोलकर कसला. "यंत्रच गारठलंय, जरा बाहेर ऊब देऊ," म्हणत त्याने यंत्र उचललं आणि बाहेरच्या दमट हवेत नेलं. क्षणात यंत्राला असा घाम फुटला, की जणू कस्टमवाल्याने बॅग उघडायला सांगितलीय. सेन्सरवरून थेंब ओघळू लागले. प्रल्हादने शर्टाच्या टोकाने पुसलं, मग आणखी ओघळलं.

"सेठ, मशीन रो रहा है," हमदुल्ला गंभीरपणे म्हणाला, आणि खोक्यांचं प्लॅस्टिक आवळायची हीट गन घेऊन आला. मिहिकाने ती त्याच्या हातातून काढून घेतली, म्हणून यंत्र वाचलं.

"खलास," ती म्हणाली. "नो मोअर आयडियाज. फ्रॉम एनीबडी."

तिने यंत्र सुकवलं. मग ते झिपच्या पिशवीत हवाबंद केलं, फ्रीझरमध्ये नेलं आणि तसंच ठेवलं. आधी त्याला खोलीइतकं गार होऊ द्यायचं, म्हणजे नंतर दव धरत नाही. बॅटऱ्या मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत उबेत हव्यात.

"उबेत कुठे?" प्रल्हादने विचारलं.

मिहिकाने त्याच्या पोटाकडे पाहिलं.

अर्धा तास प्रल्हाद तीन सेट बॅटऱ्या बनियनच्या आत पोटाशी धरून, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा हलायचं नाव न घेता बसला. डॉक्टर ज्या पोटाला नावं ठेवत होता, त्याला आज किंमत आली होती.

बॅटऱ्या बसल्या. पडदा उजळला. प्रल्हाद यंत्राच्या बाजूला ओणवा होऊन आकडे वाचू लागला.

"तीनशे तीन. शाबास, आता खांदा सैल सोड. चारशे अकरा! अगं, जरा बेताने. श्वास रोखून मार, मी सांगतो तसं. दोनशे बारा. हा आता फारच हळू गेला."

"पप्पा."

"अठ्ठ्याऐंशी. लक्ष कुठेय तुझं?"

"पप्पा, फक्त पहिला बाण माझा होता. नंतर मी सोडलाच नाही."

प्रल्हादच्या तोंडातून निघालेली वाफ संथपणे सेन्सरवरून तरंगत गेली. यंत्राने दाखवलं, १४०.

जबल जैसवरही तिच्या यंत्राशेजारी उभं राहून सूचना कोण देत होतं, हे मिहिकाने विचारलं नाही. प्रल्हादने सांगितलंही नाही. तो मुकाट्याने बाहेर गेला आणि दाराच्या काचेला नाक लावून उभा राहिला.

आत मिहिकाने दहा बाण मारले. ३०३, ३०२, ३०३. यंत्र आता खरं बोलत होतं, आणि खरं हे होतं की ती या स्पर्धेतही बाद झाली असती. तिने धनुष्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. २९५. २९५. २९५. तिने काचेकडे वळून मान हलवली, आणि बाहेर प्रल्हादने हमदुल्लाला मिठी मारली.

रविवारी तिचा फोन आला. वेगाच्या चाचणीत पास. "पण इथे पंचांचंच मशीन थंडीत बंद पडलं. मग सगळ्यांचे बाण माझ्या मशीनवर मोजले. दे आस्क्ड मी, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माय फादर."

प्रल्हाद ताठ उभा राहिला. "असं म्हणालीस?"

"हो. मग एक सर खूप बोलत मशीनजवळ आले, सो आय टोल्ड देम तुम्ही काय केलं होतं. आता सगळे पंच तोंडावर मफलर बांधून उभेयत."

प्रल्हादने ताबडतोब उर्मिलाला फोन लावला, आणि यातला 'माय फादर'पर्यंतचा भाग सांगितला.