पडद्याची पसंती

आज पडदा पास होणार, असं ताईंनी सकाळीच घरात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. पडदा म्हणजे खिडकीचा नव्हे. दुधावरच्या सायीहून पातळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकाभोकांचा. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र सोडले की त्यानं हायड्रोजनला वाट द्यायची आणि दुसऱ्याला दारातच अडवायचं. काम एवढंच, पण आजवर हा भोळसट दोघांनाही 'या, बसा' करत आला होता. आज जमलं नाही तर हे संशोधन बंद, असं संचालकांनी कळवलं होतं.

प्रयोगशाळेत ताईंनी दोन्ही सिलिंडर उघडले, तोच सासूबाईंचा फोन. त्या भाजीला बाहेर पडल्या होत्या आणि जीव घरच्या गॅसमध्ये अडकला होता.

"सगळ्यांत शेवटी तू निघालीस. गॅस बंद केलास ना?"

"केला, आई."

"नुसतं केला म्हणू नकोस. डोळे मिट आणि हात कसा फिरवलास ते आठव."

सासूबाईंचा शब्द मोडायची ताईंची प्राज्ञा नव्हती. त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला, हाताला चावी लागली, ती गच्च फिरवली.

"आठवलं, आई. अगदी घट्ट बंद केलाय."

दोघींचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळानं ताईंनी यंत्राकडे पाहिलं. पडद्यापलीकडे निव्वळ हायड्रोजन! दुसरा औषधालाही नाही. त्यांनी विभागप्रमुख सरांना बोलावलं, सरांनी चष्मा पुसून पाहिलं आणि संचालकांना बोलावलं. संचालक केक घेऊनच आले. सुरी हातात असतानाच त्यांनी कामाला आणखी एक वर्ष देऊन टाकलं. मग खाता खाता सहज म्हणाले, अडवलेला वायू पडद्याच्या अलीकडे साठला असेल, तो जरा बघू.

ताईंनी बघितलं. तिथेही नव्हता.

सगळ्यांच्या नजरा नळीवरून सरकत सरकत दुसऱ्या सिलिंडरच्या बंद चावीवर येऊन थांबल्या. हायड्रोजन बिनविरोध निवडून आला होता.

ताईंनी चावी उघडली. पडद्यापलीकडे कार्बन डायऑक्साइड आला. पण पूर्वीच्या निम्मा, जरा संकोचत. संचालकांनी तोंडातला घास कसाबसा गिळला.

"केक खाऊन बसलोय, आता नाही कसं म्हणू? वर्षाचे सहा महिने करतो."

तेवढ्यात पुन्हा फोन. नंतर बोलते, असं ताई पुटपुटल्या, पण सासूबाईंचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू गेला.

"अगं, घरी आले. गॅस चालूच होता, दुधाच्या पातेल्याचा कोळसा झालाय. मग तू बंद केलास तो कुठला?"