दामूभाऊंच्या मेलेल्या गाड्या

आम्ही नवी गाडी घेतली तेव्हा गल्लीतले सगळे पेढा खाऊन, गाडीत बसून, हॉर्न वाजवून गेले. दामूभाऊ लांजेवार तेवढे पेढा हातात धरून गाडीभोवती एक चक्कर मारून आले, बॉनेटवर दोन बोटं वाजवली आणि म्हणाले, "चांगली हाय. मेली की सांगजा, मास्तर. मंग पाहाले येतो."

माझ्या बायकोनं त्याच दिवशी गाडीला लिंबू-मिरची बांधली. ती अजून दर शनिवारी बदलते, आणि बदलताना दामूभाऊंच्या घराकडे एकदा बघून घेते.

खरं सांगायचं तर त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. चालत्या गाडीत त्यांना रसच नाही. एका सरकारी खात्यात बत्तीस वर्षं जीप चालवली, साहेब बदलले, जीप बदलल्या, आणि निवृत्त झाल्या दिवसापासून गृहस्थ बंद पडलेल्या, सडलेल्या, टाकून दिलेल्या जुन्या गाड्या बघत हिंडतो आहे. लोक निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करतात. हे बाभळीत घुसतात.

नागपूरच्या सक्करदऱ्यात त्यांचं घर माझ्या घराला लागून. मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून रस्ते मला माहीत असतील असा त्यांचा समज, आणि त्या समजापायी मी त्यांच्या मोपेडवर मागे बसू लागलो. भर मे महिन्यात सकाळी साडेसहाला हाक यायची, "मास्तर, चला. एक मयत हाय उमरेड रोडले." डोक्याला दुपट्टा, खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा, पिशवीत पाण्याची कॅन आणि रंगाऱ्याकडचा एक जुना ब्रश. ब्रश धूळ झाडायला. सापासाठी काठी असायची, ती मी धरायची.

गाडीत बसण्याआधी चपला बाहेर काढायच्या, हा त्यांचा नियम. गाडीला सीट नसली, पत्रा नसला, फक्त सांगाडा असला तरी चपला बाहेर. एकदा काट्यांनी माझा पाय रक्तबंबाळ झाला तेव्हा मी कुरकुर केली. "काहून गा मास्तर," ते म्हणाले, "लोकाच्या घरात चपला घालून जाता का तुम्ही?" आतलं काही उचलायचं नाही, हा दुसरा नियम. कापसाच्या एका जिनिंग कारखान्यामागच्या गाडीत मला पितळेची सुंदर मूठ सापडली होती. ती त्यांनी माझ्या हातातून काढून परत जागच्या जागी ठेवली. मयताच्या घरून काही आणत नसतात, एवढंच म्हणाले.

एकदा मात्र त्यांनी एका गाडीला पाहताच पाठ फिरवली. एका शेतात अर्धी जमिनीत रुतलेली, काचा नसलेली अँबॅसिडर होती. तिच्या डिकीत कोंबडी बसली होती आणि घरची बाई अंडी काढत होती. "चला," दामूभाऊ म्हणाले. मी म्हटलं, अहो, ही तर पुरती मेलेली दिसते. "अंडे देऊन राहिली नं? मंग जिती हाय थे."

गाडी कशानं मेली हे सांगण्यात त्यांचा हातखंडा. अपघातानं मेलेली मलाही कळते. वयानं मेलेलीचे टायर, बॅटरी, दिवे एकेक करून लोकांनी नेलेले असतात. पण एक तिसरा प्रकार त्यांनी मला शिकवला. गाडी अख्खी असते. चारी टायर जागेवर, आरसे जागेवर, दारं कुलूपबंद. कोणी नट काढलेला नसतो, कारण दोन्हीकडून नजर असते. "हे भांडनानं मेली," ते हळू आवाजात सांगायचे, आणि अशा गाडीला ब्रश न लावता मोपेडला किक मारायचे.

आम्ही उमरेडकडे गेलो, काटोलकडे गेलो, भंडाऱ्याच्या पुलाखालीही उतरून आलो. सावनेरच्या रस्त्याला मात्र कधी लागलो नाही. दामूभाऊ मूळचे सावनेरच्या पुढच्या खाप्याचे. मी एकदोनदा सुचवलं, तर म्हणाले, "तिकडं काही नाही." ज्या माणसाला उकिरड्यामागचा मडगार्डसुद्धा दिसतो, त्याला अख्ख्या सावनेर तालुक्यात काही नाही, हे मला पटलं नाही. पण मी सोडून दिलं.

दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्याकडे गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दाराशी मोपेड धुऊन, झेंडूचा हार घालून उभी होती, ते बरोबरच आहे. पण देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी गाडीची एक जुनी चावी होती, तिलाही हळदीकुंकू लावलेलं. मी त्यांच्या बायकोकडे, सिंधूवहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि चिवड्याची बशी पुढे केली.

हे सगळं उलगडलं ते वाळवंटात. गेल्या जानेवारीत आम्ही सक्करदऱ्यातले पंचवीस म्हातारे-म्हाताऱ्या राजस्थान बघायला गेलो. जैसलमेरचा किल्ला दामूभाऊंनी बसमधूनच पाहिला. दुसऱ्या दिवशी उंटावर बसवलं. माझा उंट मागे, त्यांचा पुढे. एकाएकी ते ओरडले, "मास्तर! थांबवा! याचा ब्रेक कुठं हाय?" बत्तीस वर्षं सरकारी वाहन चालवलेला माणूस उंटाची मान दोन्ही हातांनी मागे ओढत होता. डावीकडे, वाळूच्या उताराला, काळं काहीतरी वर आलेलं दिसत होतं.

ती जुनी विलायती गाडी होती. रुंद मडगार्ड, दिव्यांच्या काचा उन्हानं दुधाळलेल्या, आत सीटपर्यंत वाळू. बाकीची मंडळी सूर्यास्ताच्या जागेकडे निघून गेली. दामूभाऊंनी पिशवीतून ब्रश काढला. होय, ब्रश त्यांनी राजस्थानातही नेला होता. पुढच्या दारावरची वाळू झाडली, हँडल ओढून पाहिलं, मग गाडीभोवती फिरून खाली वाकून टायर पाहिले. चारही होते. ब्रश त्यांनी पिशवीत ठेवून दिला.

"किसकी है?" त्यांनी उंटवाल्याला विचारलं.

"दो भाइयों की थी, साहब. बँटवारे में अटक गई."

"भाई किधर हैं?"

"दोनों गुजर गए. अब बेटे भी हाथ नहीं लगाते. पड़ी है."

दामूभाऊ वाळूत बसले, गाडीच्या चाकाला पाठ लावून. मला वाटलं चक्कर आली. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाले, "आमचीबी अशीच हाय. खाप्याले."

मग सगळं सांगितलं. संत्र्याचं पीक चांगलं आलं त्या वर्षी वडिलांनी जुनी अँबॅसिडर घेतली होती. चालवायचे दामूभाऊ, पुसायचे थोरले भाऊ नामदेवराव. वडील गेले. वर्षश्राद्धाला दामूभाऊ नागपूरहून आईवडिलांचा फोटो मोठा करून, फ्रेम करून घेऊन आले. आई आधीच गेलेली, आणि तिचा जगात तेवढा एकच फोटो. जत्रेत काढलेला. मूळ फोटो आणि फ्रेम दोन्ही एकाच पुडक्यात, मागच्या सीटवर. गाडी शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुनिंबाखाली लावली आणि पुडकं उतरवायच्या आधीच भावाभावांत शब्दाला शब्द लागला, की आता ही गाडी कोणाची. दामूभाऊंनी रागानं गाडीला कुलूप लावलं, चावी खिशात घातली आणि एसटीनं नागपूरला आले. पंचांनी जमीन वाटली, विहिरीचे वार वाटले आणि गाडी सामायिक ठेवली. चावी धाकट्याकडे, कागद थोरल्याकडे. एकाला दुसऱ्याशिवाय ती ना चालवता आली, ना विकता आली. एकोणीस वर्षं झाली. दोघांत एक शब्द नाही.

"आणि फोटो?" मी विचारलं.

"थो त्यानं काच फोडून काढला असन कवाच. मी असतो तं काढला असता." मग, "त्यानं बोलावलं पाह्यजे नं मास्तर. मी लहान हाव. आपल्या मनानं कसा जाऊ?"

भूगोलाच्या मास्तरनं मनात अंतर मोजलं. नागपूर ते खापा, मोपेडनंही दीड तासाचा रस्ता. त्यासाठी हा माणूस थरच्या वाळवंटापर्यंत येऊन बसला होता.

होळीच्या आधी खाप्याहून दामूभाऊंच्या पुतण्याचा फोन आला. धुऱ्याच्या बाजूचा रस्ता रुंद होतो आहे, पाडव्याच्या आत गाडी हलवायची आहे. क्रेनवाला येऊन परत गेला. "काका, बाबा गाडीसमोर खाट टाकून बसले हायेत. चावी आल्याबिगर हात लावू देत नाही म्हणते." या क्रेननं गाडी एकदा उचलून भंगारात नेली की मग खाप्याला जायला काही उरणार नाही, हे दामूभाऊंना माझ्याआधी कळलं होतं. दोन दिवस ते उगीच मोपेड पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी देवघरातली चावी घेऊन माझ्या दारात आले.

"मास्तर, गाडी काढा."

माझ्या चालत्या गाडीत ते पहिल्यांदाच बसले. बायको दारातून बघत राहिली. चपला काढून बसू लागले तेव्हा मी हात धरला.

वाटेत त्यांनी भावाला काय बोलायचं याची तालीम केली. कोराडीपर्यंत भाषण फार कडक होतं. त्यात पंच, जमीन आणि विहीर सगळं आलं. सावनेरला चहा घेतला तोवर त्यातून विहीर गळाली. खाप्याच्या अलीकडे भाषणात फक्त "हे घे चावी" एवढं राहिलं होतं, आणि तेही ते पुटपुटत होते.

कडुनिंबाखाली गाडी होती. मी इतक्या मेलेल्या गाड्या पाहिल्या, पण अशी नाही. चारी चाकं विटांच्या थरांवर उचलून ठेवलेली. छतावर पत्रे टाकून मांडव केलेला. बॉनेटवर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून काळा पडला होता, आणि काचा अशा स्वच्छ की त्यात मला माझं टक्कल दिसलं. पुढे खाटेवर एक उंच, वाकलेला म्हातारा धोतर सावरून बसला होता. नामदेवराव. त्यांनी आमच्याकडे पाहिलंच नाही.

दामूभाऊ खाटेपासून दोन हातांवर उभे राहिले. "मास्तर, थ्याले सांगा, चावी आनली."

नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, थ्याले म्हना, उन्हातून आला, पहिले पानी पी."

"म्हना, पानी नाही पाह्यजे."

"म्हना, लहानपनापासून असाच हाय."

असं चाललं होतं. मी दोघांच्या मधे, दोन्हीकडे मान वळवत. भाषा एक, गाव एक, नाकसुद्धा एकसारखं, आणि दुभाषा मी.

तेवढ्यात दामूभाऊंचं लक्ष मागच्या काचेकडे गेलं. ते जवळ गेले, दोन्ही तळव्यांनी उजेड अडवून आत पाहिलं आणि तसेच उभे राहिले. मीही वाकलो. मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं चौकोनी पुडकं होतं. कागद हळदीसारखा पिवळा पडला होता. गाठ जशीच्या तशी.

"मास्तर," दामूभाऊ म्हणाले, "थ्याले विचारा, काच काहून नाही फोडली? एका दगडाचं काम होतं. मायचा फोटो हाय अंदर."

मी विचारलं. नामदेवरावांनी खाटेची दोरी बोटांनी चाचपली.

"गुरुजी, दरसाल मायच्या तिथीले मी पाटावर सुपारी मांडतो. फोटो नाही म्हून. दोन खेप दगडबी उचलला होता. पन म्या काच फोडली असती, फोटो काढून घेतला असता, तं मंग याले इकडं यायचं कारनच काय राह्यलं असतं?"

हा निरोप मला पुढे सांगावा लागला नाही. दामूभाऊ आमच्याकडे पाठ करून चावी कुलपात घालत होते. दोनदा चावी खाली पडली. आपण इथे असायला नको होतं, असं मला वाटलं. तिसऱ्यांदा चावी आत गेली, पण फिरेना. एकोणीस वर्षांचा गंज होता. त्यांनी जोर लावला, फुंकर मारली, पुन्हा जोर लावला. मग कपाळ दाराला टेकवून तसेच थांबले.

"दादा," ते म्हणाले, "घरी तेल हाय का थोडंसंक?"

नामदेवराव खाटेवरून उठले. मी म्हटलं, बसा, मी आणतो, पण त्यांना ऐकूच गेलं नाही. सत्तरी उलटलेला तो म्हातारा एका हातात धोतराचा सोगा धरून ढेकळांतून घराकडे जवळजवळ पळत सुटला.

"अगा हळू जा नं," दामूभाऊ मागून ओरडले, "पडशीन!"