हसनभाईंची जादा गाठ

हसनभाईंनी बांधलेली वस्तू सुटत नाही, कापावी लागते. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाची ताडपत्री त्यांनी बांधली. लग्न लागलं, पोरगी सासरी गेली, माहेरपणाला परतही आली, तरी ताडपत्री जागच्या जागी. शेवटी मांडववाला कोयता घेऊन वर चढला. उतरल्यावर मला म्हणाला, "हे कोणी बांधलं, त्याला भेटायचंय मला." मी म्हटलं, "नको भेटूस. तो तुला पण बांधेल."

आमच्या कळंबात हसनभाई माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. रसायनीच्या एका कंपनीत तीस वर्षं खलाशी होते. खलाशी म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या बोटीवर? अहो, कारखान्यातले खलाशी! दहा टनांची टाकी दोरखंड आणि साखळी-कप्पी लावून चौथ्या मजल्यावर चढवायची, हे त्यांचं काम. घराणं मूळचं मुरूडकडचं, पण यांनी समुद्र पाहिला तो नातेवाइकांच्या लग्नांना गेल्यावर, आणि तोही हॉलच्या खिडकीतून.

"तीस वर्षांत एक लोड पडला नाय," हे ते दिवसातून दोनदा सांगतात. त्याचं कारण म्हणजे ती गाठ. काम पुरं झालं, दोरी घट्ट बसली, की वरून आणखी एक गाठ मारायची. "एक जादा," असं पुटपुटायचं आणि हात झटकायचे. डबा असो, गॅसची टाकी असो, माझ्या स्कूटरवरचं खताचं पोतं असो, एक जादा. भाभी गेल्यापासून तर हे फारच वाढलं. एकटा माणूस, बांधायला घरात काही उरलं नाही, मग रस्त्यावर येऊन लोकांच्या पिशव्या बांधायचा.

यंदा त्यांचा मुलगा साजिद मस्कतहून महिन्याच्या सुट्टीवर आला. तिकडे एसी दुरुस्त करतो, दोन पोरांचा बाप आहे, आणि नवीनच एक खूळ लागलंय त्याला. परवाना काढून सुट्टीच्या दिवशी खोल समुद्रात जायचं, श्वास रोखून बुडी मारायची, आणि बाणाच्या बंदुकीने कुप्पा मारायचा. कुप्पा म्हणजे ट्यूना मासा, आणि तोही आपल्या बाजारातला हातभर नव्हे. चाळीस-पन्नास किलोंचा!

चहा पिता पिता त्याने हसत हसत सांगितलं, "मागच्या खेपेला बाण लागला, मासा सुटला खाली, आणि दोरी मनगटात अडकली. गेलो मी पण त्याच्यासोबत. नशीब, सुरी हाताला लागली."

मी हसलो. हसनभाई हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"दोरी कोणी बांधली होती?"

"तयार मिळते, बाबा."

"आता मी बांधणार."

साजिदने त्यांना कागदावर काढून दाखवलं. बाणाला दोरी, दोरीला पुढे लांब ताणला जाणारा रबर, आणि शेवटी पाण्यावर तरंगणारा बोया. बंदुकीला ही दोरी फक्त एका खुंटीवर टेकलेली. माशाने हिसका दिला की खुंटीवरून दोरी निसटली पाहिजे, म्हणजे मासा बोयाला ओढत बसेल आणि माणूस मोकळा. हसनभाई मान डोलावत होते. पण त्यांना काय कळलं होतं, देव जाणे.

पंधरा दिवस नुसती निवड चालली. कर्जतच्या बाजारात दोरीवाल्यांनी त्यांना पाहिलं की शटर ओढायचे. दोरी दाताखाली धरायची, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची, दाराला बांधून मला लोंबकळायला सांगायचं. बोया म्हणून आधी तेलाचा डबा, मग फुटबॉल, शेवटी रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावातला एक नारिंगी फुगीर बोया मागून आणला. सागाची खोटी बंदूक स्वतः कोरली. अगदी खुंटीसकट.

"आता मासा पायजे," ते म्हणाले, आणि माझ्या गोठ्याकडे बघू लागले.

"हसनभाई, चंद्री गाभण हाय."

"दुसरी?"

दुसरी म्हैस गंगी. अंगाने दांडगी, डोक्याने अर्धी. ठरलं असं, की नदीच्या डोहात हसनभाई छातीभर पाण्यात बंदूक धरून उभे राहणार, दोरीचं टोक गंगीच्या गळ्यात, आणि मी काठावर पेंडीची बादली वाजवणार. पेंडीचा आवाज आला की गंगी बापाला ओळखत नाही.

मी बादली वाजवली. गंगी पाण्यातून उसळली ती थेट माझ्यावर. मी पळालो. दोरी ताणली, रबर ताणला, आणि आता खुंटीवरून निसटणार म्हणून मी मागे पाहिलं तर निसटली नाही! बंदूक हसनभाईंच्या हातात, हसनभाई पाण्यात आडवे, आणि मग पाण्याखाली. टोपी वर तरंगत राहिली. साजिद काठावरून ओरडला, "बाबा, सोडा! बंदूक सोडा!" ते कसले सोडतायत. सोडायचं म्हटलं तरी दोरीचा फास मनगटात बसला होता.

मी जीव खाऊन पळतोय, गंगी माझ्यामागे, आणि गंगीमागे पाण्याखालून हसनभाई. डोकं एकदा वर आलं, तोंड उघडं, परत आत. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला, की गाढवा, बादली तुझ्याच हातात आहे! मी ती पालथी केली. गंगीने तिथेच चारही पाय रोवले.

साजिदने उडी मारून बापाला चिखलात ओढलं, सुरीने फास कापला. हसनभाई खोकत होते, मनगटावर दोरीचा लाल वळ उठला होता. साजिद खाली बसून बंदूक न्याहाळत होता. खुंटीवर दोरी बरोबर टेकलेली होती. आणि तिच्यावरून, व्यवस्थित आवळून, एक जादा.

"हेच सुटायचं होतं, बाबा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "समुद्रात मी असतो तर खाली गेलो असतो."

दोन दिवस हसनभाई खोलीबाहेर आले नाहीत. शनिवारी साजिद निघणार. तो मला म्हणाला, "काका, राहू द्या आता. तिकडची तयार घेतो." मी ते आत जाऊन सांगितलं, जरा रागानेच. म्हातारा एकदम उठला. "तयार नाय! त्याच तयारने त्याला खाली नेलं होतं."

शुक्रवारी नवी दोरी बांधून झाली. गंगी मी परत दिली नाही, म्हणून माझी स्कूटर मासा झाली. पहिल्या हिसक्याला खुंटीवरून दोरी सटकली, बोया रस्त्यावर उड्या मारत माझ्यामागे आला. दहा वेळा केलं, दहाही वेळा सटकली. मग साजिद सगळं बॅगेत भरायला बसला, आणि मी पाहिलं, हसनभाईंची बोटं आपोआप दोरीकडे जात होती. त्यांनी हात मांड्यांखाली दाबले. हात परत बाहेर आले.

"बाळू, माझे हात धर रं."

"काय?"

"धर म्हणतो ना! नायतर मी मारतो ती गाठ."

साजिदने चेन लावेपर्यंत मी त्यांचे दोन्ही हात धरून बसलो. दोरीकडे ओढ घेतच होते ते. एवढा खत्रूड माणूस, पण मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी साजिद समुद्रात जाणार होता. दुपारी एकला फोन करतो म्हणाला. मी साडेबारालाच जाऊन बसलो. एक वाजला. दोन वाजले. हसनभाई नमाज पढून आले, जेवले नाहीत. फोन मांडीवर, नजर फोनवर. अडीचला मी म्हटलं, "रेंज नसेल." तीन वाजता हसनभाई एकदम म्हणाले, "सगळी उमर लोड पडू नये म्हणून बांधलं, बाळू. पहिल्यांदाच सुटावं म्हणून बांधलंय. आणि ते पोराच्या हातात दिलंय. नाय सुटलं तर?"

मी उठून पाणी आणलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

साडेतीनला फोन वाजला. व्हिडिओवर साजिद, ओल्या केसांनी, बोटीत.

"बाबा, सगळं गेलं. बाण, दोरी, बोया. लय मोठा होता. बोया पाण्याखाली ओढून नेला, वर आलाच नाय. दोन तास शोधत बसलो. सॉरी, एवढी मेहनत तुमची..."

"हिसका बसला तेव्हा सुटलं?"

"कळलं पण नाय मला. बंदूक तेवढी राहिली हातात."

हसनभाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे दिला. मला वाटलं, आता हसतील, आता तीस वर्षं परत सांगतील. ते म्हणाले, "हात दाखव."

"हां?"

"दोन्ही हात दाखव. मनगट दाखव. आता पालथे कर. बोटं हलव."

दोन पोरांचा बाप बोटीत बसून बोटं हलवत होता. बोटीतली माणसं हसत असावीत, आवाज येत होता. हसनभाई फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन एकेक बोट बघत होते. मग त्यांनी स्क्रीनवरच्या त्या मनगटावरून हळूच अंगठा फिरवला, आणि फोन कट झाला.

"बाळू, परत लावून दे रं," ते म्हणाले. "डावा हात नीट बघायचा राहिला."