एकत्र पडल्या पाहिजेत

निकमकाका झाडू विकत घेताना तो आधी खांद्याला लावून बघतात. तोही डाव्या खांद्याला. मग दांड्यावर गाल टेकवतात, एक डोळा मिटतात आणि रविवार कारंजाच्या बाजारात भर गर्दीत नेम धरून उभे राहतात. झाडूवाली एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, झाडू हाय तो! घर झाडायचंय का वाघ मारायचाय?" काका शांतपणे म्हणाले, "गाल बसत नाही," आणि झाडू परत ठेवला. मी शेजारीच उभी होते. त्यांची माझी काही ओळखच नाही, असा चेहरा करून मी कोथिंबीर बघायला लागले.

पण ओळख नाकारून जाते कुठे? इंदिरानगरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि काका त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. दिवसातून एकदा तरी "मंगल, आहेस का?" करत टपकतात. माझी लाकडी मीटरपट्टी, गिऱ्हाइकांच्या छत्र्या, पोरांच्या बॅटी, सगळ्यांना त्यांचा गाल लागून गेलाय. एकदा तर पिशवीतला दुधी काढून धरला. ट्रायलला आलेली बाई तशीच अर्धवट टाचण्यांनिशी बाहेर पळाली.

कारण एकच. काका दोन वर्षं रायफल शोधत होते.

तुम्हाला वाटेल, माणूस मोठा धाडसी असणार. कसला धाडसी! दिवाळीत लवंगी फुटली तरी हे बाथरूममध्ये जाऊन बसतात. रायफल हवी होती ती शालिनीकाकूंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. काकू खऱ्या नेमबाज. कॉलेजात एनसीसीमध्ये हातात आलेली रायफल त्यांनी साठी उलटली तरी सोडली नव्हती. पॉइंट टू-टूची, एका वेळी एकच गोळी उडवणारी, कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायची रायफल. काकू स्पर्धेला निघाल्या की काका मागून डबा आणि कानात घालायचा कापूस घेऊन निघायचे.

मग काकूंची उजवी बाजू लुळी पडली. हळूहळू काठी घेऊन चालायला लागल्या, पण उजव्या हातात कप धरायचा म्हटलं तरी त्यांना घाम फुटायचा. त्यांनी रायफल विकून टाकली. "संपलं आमचं," म्हणाल्या आणि टीव्हीसमोर बसल्या त्या बसल्याच.

काका म्हणाले, "उजवा गेला, डावा आहे ना?"

आता मेख अशी, की ह्या रायफलींना उजव्या बाजूला एक दांडी असते, तिला बोल्ट म्हणतात. गोळी मारली की तो मागे ओढायचा, पुढची गोळी घालायची, परत पुढे ढकलायचा. काकूंना तो डाव्या बाजूला हवा. अशी रायफल मिळायची मारामार. काकांनी ऑफिसांत खेटे घालून काकूंच्या नावावर नव्या रायफलीची परवानगी काढली. तिला मुदत होती. काकूंनी तेव्हाच बजावलं होतं, "ही मुदत गेली की मी पुन्हा सही करणार नाही. मग विषय बंद."

झालं! काका रायफली बघायला लागले. अहो, सून बघायला निघालेली सासू बरी. एकीचा बोल्ट कुरकुरतो. एकीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लांब, काकूंचा गाल पोचायचा नाही. तिसरी अक्रोडाच्या लाकडाची, अशी देखणी की बघत राहावं. तिच्यावर काकांचा शेरा: "खाण्याची नखरेल आहे." मला कळेना. तर म्हणे प्रत्येक रायफलीला एखाद्याच कंपनीची गोळी मानवते, दुसरी दिली की ती रुसते. ही बया कुठल्याच गोळीवर खूश होईना.

आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच पालुपद. "मंगल, नेम चुकला तरी चालेल, पण एकत्र पडल्या पाहिजेत!"

"चुकला तरी चालेल? मग घ्यायची कशाला?" मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी माझ्या डब्यातली बटणं घेऊन टेबलाच्या कोपऱ्यात एका जागी ठेवली. "ह्या गोळ्या. मधे लागल्या नाहीत, पण एकत्र आहेत. म्हणजे रायफल चांगली आणि हात स्थिर. नुसता नेमाचा स्क्रू फिरवायचा, सगळ्या मधे येतात." मग मूठभर बटणं भिरकावली. "आणि ह्या अशा पसरल्या, की जगातला कुठलाच स्क्रू कामाचा नाही." बटणं मी संध्याकाळपर्यंत गोळा करत होते. तेव्हापासून सोसायटीची मीटिंग असो की माझे काजाचे टाके, काकांचं परीक्षण ठरलेलं: "एकत्र पडत नाहीत."

एक मात्र खरं. रायफल नापसंत करून काका घरी आले की वर काकूंचा आवाज चढायचा. "अहो, बोल्टला तेल घातलं असतं तर कुरकुरला असता का? काही अक्कल?" मग काका काहीतरी बोलायचे आणि काकू खळखळून हसायच्या. ते हसू माझ्या मशीनपर्यंत ऐकू यायचं. फार बरं वाटायचं.

शेवटी पुण्याच्या एका डावखुऱ्या नेमबाजाची रायफल विकायला निघाली. तो स्वतः ती घेऊन इथल्या नेमबाजीच्या रेंजवर आला. मुदत संपायला दोन दिवस होते. काका-काकूंबरोबर मीही गेले, कारण रायफल टेकवायची वाळूची थैली मी शिवली होती, चांगल्या जाड कॅनव्हासची. रेंजवरच्या प्रशिक्षकांनी पाच गोळ्या मारल्या. पाचही एकमेकींना चिकटून. सगळे काकांकडे बघायला लागले.

काका म्हणाले, "ट्रिगर जरा जड वाटतो. विचार करू."

माझं डोकंच फिरलं. "काका, आता विचार काय करता? दोन दिवसांनी घरी बसून झाडू मोजा!"

काका नुसते खिशातला कापूस चाचपत राहिले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं, काठी मला दिली आणि म्हणाल्या, "मंगल, थैली ठेव टेबलावर."

त्या बसल्या. उजवा हात नुसता थैलीजवळ टेकवला. डावा खांदा, डावा गाल. गाल असा बसला, जसा कात्रीत माझा अंगठा बसतो. काकांनी कानात कापूस कोंबला आणि डोळे गच्च मिटले. काकूंनी श्वास घेतला, अर्धा सोडला. एक गोळी. बोल्ट मागे, बोल्ट पुढे. दुसरी. पाचही संपेपर्यंत मी देवाचं नाव घेत होते.

कागद आला. काळा ठिपका कोराच्या कोरा. सगळं काही खालच्या डाव्या कोपऱ्यात. आता ह्या माणसाला काय सांगायचं?

काकांनी डोळे उघडले, कागद हातात घेतला, नाकापाशी नेला आणि केवढ्यांदा ओरडले, "एकत्र आहेत गं! शालू, सगळ्या एकत्र आहेत!" खरंच, पाची मिळून एक भोक, वर रुपया ठेवला तर झाकून जाईल एवढं. काका ढसाढसा रडायला लागले. मीही लागले.

"मला भीती वाटत होती," ते म्हणाले. "रायफल घरी आली, आणि तुझा हात हलला तर? मग तू पुन्हा टीव्हीसमोर बसली असतीस. शोधत होतो तोवर भांडत तरी होतीस माझ्याशी."

"वेडे आहात," काकू म्हणाल्या. "भांडायला काय, अजून ट्रिगरचं भांडण बाकी आहे."

प्रशिक्षकांनी स्क्रू फिरवला. काकूंनी पुन्हा गाल टेकवला. काकांनी कानातले दोन्ही बोळे काढून खिशात टाकले.

"मार तू," ते म्हणाले. "या वेळी मी बघणार."

आवाज झाला तसे काका टुणकन उडाले, माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. पण मी बघितलं ना, त्यांचे डोळे उघडे होते.